यंत्रनिर्मित चित्रे : मॉडेलची पारख आणि पडताळणी

बृहन्महाराष्ट्रातील एका मराठी शाळेत गेल्या वर्षी जात्यावरच्या ओव्यांचा पाठ चालू होता. प्रस्तुत लेखक त्या वेळी पाहुणा म्हणून वर्गात उपस्थित होता. वर्गातील एकाही मुलाने जाते प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. म्हणून बाईंनी आदल्या रात्री संगणकाकडून एक चित्र करून घेतले होते व ते फळ्याशेजारी लावले होते. चित्र मोठे देखणे होते. पहाटेचा मंद उजेड, कोनाड्यातील पणती, दळणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील तन्मयता, सारे यथास्थित साधले होते. मात्र जात्याच्या वरच्या तळीवर जो उभा लाकडी खुंटा असावयाचा, त्याच्या जागी बाजूस एक वाकडा लोखंडी दांडा होता. आणि दाणे वैरण्यासाठी मध्यभागी जे तोंड लागते ते मुळी नव्हतेच. नातीला पोचविण्यासाठी आलेल्या एका आजींनी दारातूनच विचारले, "बाई, ह्या जात्यात दाणे घालायचे कुठून?" बाई हसल्या, आजीही हसल्या, परंतु मुलांनी वहीत जे काढावयाचे ते काढून ठेवले होते. तीस वह्यांत तीस जाती, सर्वांना लोखंडी दांडे.

या प्रसंगात बाईंचा दोष तो काय? शाळेत चित्रकार नाही, चित्रसंग्रह नाही, पुस्तकातील चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यांनी हाताशी आलेले साधन वापरले. कोणते मॉडेल वापरलेत, असे नंतर विचारता त्या म्हणाल्या, "जे पहिल्यांदा समोर आले ते." शब्दकोश घेताना आपण संपादक कोण, आवृत्ती कितवी हे पाहतो, हस्तलिखित हाती आले तर लेखनकाल पाहतो, लेखकू कोण हे पाहतो. चित्र काढणाऱ्या यंत्राविषयी मात्र हे प्रश्न अद्याप आपल्या मनात उठत नाहीत. ते उठावेत आणि त्यांची उत्तरे कशी शोधावीत हे कळावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांना जाते, उखळ, मोट हे शब्द पुस्तकांतूनच भेटतात. त्यांच्यापुरते तरी चित्र हाच त्या शब्दाचा अर्थ होऊन बसतो. चित्र चुकले की शब्द चुकला, असे म्हणावयास हरकत नाही.

१. मॉडेल म्हणजे काय

'मॉडेल' हा शब्द मराठीत रुळला असल्यामुळे नवा प्रतिशब्द घडविण्याच्या खटाटोपात न पडता तोच येथे वापरतो. मॉडेल म्हणजे वस्तुतः आकड्यांनी भरलेली एक प्रचंड फाइल होय. पुष्कळांचा असा समज असतो की, या फाइलीत लक्षावधी चित्रे साठविलेली असतात व यंत्र त्यांतील तुकडे कापून जोडते. हा समज खरा नाही. 'स्टेबल डिफ्यूजन' हे मॉडेल २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वांस खुले झाले. ते ज्या 'लायन' नामक संग्रहाच्या निवडक भागांवर शिकविले गेले, त्या संग्रहाच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीत चित्र व त्याखालील मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्यांची नोंद होती. आणि मॉडेलची प्रचारातील मुख्य फाइल अवघी सुमारे ४ गिगाबाइटची आहे. एवढ्या जागेत तितकी चित्रे मावणे शक्यच नाही. मूळ संग्रहात पुनःपुन्हा आलेले एखादे चित्र क्वचित जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येते, असे २०२३ साली संशोधकांनी दाखवून दिले. परंतु तो अपवाद होय.

मग फाइलीत असते काय? पूर्वी दूरदर्शनचे प्रक्षेपण संपल्यावर पडद्यावर ज्या मुंग्या दिसत, त्या वाचकांनी आठवाव्यात. शिकविताना एखादे चित्र घेऊन त्यात अशा मुंग्या मिसळतात, आणि नेमके काय मिसळले ते ओळखण्यास यंत्रास सांगतात. त्याचे उत्तर जितके चुकेल तितके आतील आकडे किंचित सरकवितात. असे कोट्यवधी वेळा केल्यावर यंत्रास मुंग्या वेगळ्या काढण्याची विद्या साध्य होते. मग त्याच्यापुढे निव्वळ मुंग्यांचा पडदा ठेवून आपले वर्णन दिले म्हणजे ते पायरीपायरीने मुंग्या काढीत जाते व शेवटी चित्र उरते. ही कल्पना २०१५ साली मांडली गेली व २०२० साली व्यवहार्य ठरली. २०२१ च्या अखेरीस म्युनिक येथील विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम चित्राच्या आकुंचित रूपावर करण्याची युक्ती मांडली. ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचे चित्र ६४ गुणिले ६४ च्या जाळीत आणून त्यावर काम केले की साधा घरगुती संगणकही ते करू शकतो. आज शिक्षकाच्या टेबलावर हे यंत्र आले त्याचे एक प्रमुख कारण हे.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. मॉडेलला जाते ठाऊक नसते. जात्याच्या चित्रांखाली लोकांनी जे लिहिले ते ठाऊक असते. आरंभीची स्टेबल डिफ्यूजन मॉडेले प्राधान्याने इंग्रजी मजकूर असलेल्या चित्रांवर शिकविली गेली. इंग्रजीत जात्यास जो सामान्य शब्द वापरला जातो, तोच कॉफी दळण्याच्या पाश्चात्त्य यंत्रासही चालतो, आणि अशा यंत्रास बाजूस लोखंडी दांडा असतो. बाईंच्या चित्रातील दांडा बहुधा तेथूनच आला असावा. यंत्र खोटे बोलले नाही. ज्या अर्थाची चित्रे त्याने अधिक पाहिली, तो अर्थ त्याने काढून दाखविला.

वर्णन मराठीत दिले तर काम भागेल काय? आरंभीच्या मॉडेलांत ते भागत नाही. आपले वर्णन समजून घेणारा जो भाग त्यांत आहे, तो ७७ तुकड्यांपलीकडचा मजकूर एका दमात घेऊ शकत नाही, आणि ते तुकडे मुख्यतः इंग्रजी शब्दांच्या बेताने पाडलेले आहेत. देवनागरीचे एकेक चिन्ह संगणकात तीन-तीन बाइटांनी लिहिले जाते. त्यामुळे मराठी वाक्याचे चूर्ण होऊन जागा संपते आणि अर्थ हाती लागत नाही. अलीकडच्या काही मॉडेलांत व सेवांत यापेक्षा पुष्कळ सुधारणा झाली आहे; परंतु ती गृहीत धरू नये, करून पाहावी.

२. निवड कशी करावी

मॉडेलांची संख्या आज अगणित वाटते. तथापि बहुतेक मॉडेले मोजक्या घराण्यांतील असतात. मूळ पुरुष थोडे, वंशविस्तार मोठा, अशी ही परिस्थिती आहे. खुल्या मॉडेलांत तीन घराणी नवशिक्याने ओळखावीत. पहिले स्टेबल डिफ्यूजन १.५, हे २०२२ च्या ऑक्टोबरमधील. दुसरे त्याच परंपरेतील एसडीएक्सएल, २०२३ च्या जुलैमधील. याचे चित्र १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचे व मुख्य फाइल सुमारे ७ गिगाबाइटची. तिसरे फ्लक्स, हे ब्लॅक फॉरेस्ट लॅब्ज या संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केले. यात सुमारे १२०० कोटी आकडे असून पूर्ण रूपातील फाइल २४ गिगाबाइटच्या आसपास भरते. संगणकाच्या ग्राफिक कार्डाची स्मृती किती आहे हे प्रथम पाहावे, कारण पुष्कळदा निवडीचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. मोठ्या मॉडेलचे आकडे कमी अचूकतेने लिहून केलेली लहान रूपेही मिळतात. ती संक्षिप्त आवृत्तीसारखी समजावीत. उपयोगी पडतात, परंतु मूळ ग्रंथाच्या परीक्षणास त्यांचा आधार घेऊ नये.

या मूळ मॉडेलांवर लोकांनी आपापल्या चित्रसंग्रहांचे संस्कार करून शेकडो शाखा निर्माण केल्या आहेत. काही शाखा म्हणजे संपूर्ण नवी फाइल असते. काही केवळ पुरवणीसारख्या असतात. या पुरवण्यांस 'लोरा' म्हणतात. ही पद्धत मूळची भाषेच्या मॉडेलांसाठी २०२१ साली निघाली व पुढे चित्रांकडे आली. पुरवणी लहान असते. परंतु ज्या घराण्यासाठी ती लिहिली, त्याच घराण्यास ती लागू पडते. एका ग्रंथाची टीका दुसऱ्या ग्रंथास जोडून चालत नाही, तद्वत हे आहे. पुष्कळदा चित्र बिघडते ते मॉडेल वाईट म्हणून नव्हे, तर पुरवणी परक्या घराण्याची म्हणून.

काही फाइली दोन-चार मॉडेलांचे आकडे एकमेकांत मिसळून केलेल्या असतात. त्यांतून निघणारी चित्रे कधीकधी फार सुंदर असतात. परंतु पाठचिकित्सेचा अभ्यास असणाऱ्यांना संकरित पोथीचे दुखणे ठाऊक आहे. अनेक परंपरांतील पाठ एकत्र आले की कोणता पाठ कोठून आला हे सांगता येत नाही. मिश्र मॉडेलचेही तसेच होते. त्याच्या चुकीचे मूळ शोधता येत नाही, आणि कोणत्या अटीवर ते वापरावे हेही निश्चित होत नाही. शालेय वा ग्रंथोपयोगी कामास असे मॉडेल शक्यतो टाळावे.

अटींचा उल्लेख आला म्हणून परवान्याविषयी दोन शब्द. मॉडेल फुकट मिळते म्हणजे ते कशासाठीही वापरता येते असे नव्हे. एकाच फ्लक्स घराण्यातील 'श्नेल' नावाचे मॉडेल अपाचे परवान्याखाली खुले आहे, तर 'डेव्ह' नावाचे मॉडेल अव्यापारी परवान्याखाली दिलेले आहे. स्टेबल डिफ्यूजन १.५ च्या परवान्यात काय करू नये याची यादीच दिली आहे. अकादमीने पुस्तक छापून विकावयाचे ठरविल्यास परवाना आधी वाचला गेला पाहिजे. छापून झाल्यावर तो वाचण्यात अर्थ नाही.

परवान्याच्याही पलीकडे एक सौजन्याचा प्रश्न आहे. अमुक चित्रकाराच्या शैलीत चित्र काढून देणाऱ्या पुरवण्या सर्रास मिळतात. आपल्याकडील उदाहरण घेऊ. दीनानाथ दलाल यांचे निधन १९७१ साली झाले. भारतीय कायद्याप्रमाणे कलाकृतीवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे राहतो. म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत चालतो. शैलीवर असा हक्क नसतो हे खरे. परंतु एखाद्या चित्रकाराच्या मुखपृष्ठांवर यंत्र शिकवून त्याच्या हातचे वाटेल असे चित्र त्याच्या नावाचा उल्लेखही न करता छापणे, हे साहित्यसंस्थेस शोभेल काय, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधू नये.

३. फाइलीची पडताळणी

निवड झाली, आता फाइल हाती आली. ती आपण निवडली तीच आहे हे कशावरून? येथे आपल्या परंपरेतील एका घटनेचे स्मरण होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली; कारण मधल्या तीन शतकांत लेखकूंच्या हातून पाठ बिघडले होते. शुद्ध केलेल्या पाठात पुढे कोणी भर घालू नये, असा इशाराही त्यांनी अखेरीस देऊन ठेवला. इशारा दिला, परंतु तो पाळला गेला की नाही हे पोथीकडे पाहून कळण्याचे साधन त्या काळी नव्हते. संस्कृत हस्तलिखितांच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, म्हणजे बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून एकूण मोजमाप देत. त्यावरून पाने गळाली काय एवढे समजे; एका शब्दाच्या जागी तेवढ्याच अक्षरांचा दुसरा शब्द आला तर संख्या बदलत नसे.

संगणकाच्या फाइलीस यापेक्षा पुष्कळ कडक ग्रंथसंख्या काढता येते. तिला 'हॅश' म्हणतात. अमेरिकेच्या मानकसंस्थेने २००२ साली मान्य केलेली 'एसएचए-२५६' ही पद्धत यासाठी सर्वत्र वापरतात. फाइल लहान असो वा चोवीस गिगाबाइटची असो, तिच्यातून चौसष्ट चिन्हांची एक ओळ निघते. फाइलीतील एक टिंबही बदलले की ओळ पार बदलते, आणि दुसरी फाइल मुद्दाम घडवून तीच ओळ आणणे आजमितीस कोणास साधलेले नाही. मूळ कर्त्याने प्रसिद्ध केलेली ओळ व आपल्या फाइलीतून निघालेली ओळ ही दोन्ही अक्षरशः एक असली म्हणजे फाइल तीच, यात संशय उरत नाही. ही ओळ काढण्याची सोय विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत मुळातच असते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. फाइल ज्या अनोळखी ठिकाणाहून घेतली, तेथलीच ओळ घेऊन ताडून पाहणे निरर्थक होय. चोराच्या वजनाने चोराचा माल तोलण्यासारखे ते आहे. फाइल कोठूनही घ्यावी, ओळ मात्र मूळ कर्त्याकडची वा त्याइतक्याच विश्वासू ठिकाणची असावी. हा प्रश्न काल्पनिक नाही. स्टेबल डिफ्यूजन १.५ ज्या रनवे कंपनीने प्रसिद्ध केले, तिने २०२४ च्या ऑगस्टमध्ये 'हगिंग फेस' या भांडारातील आपले ते पान काढून टाकले. तोवर त्या मॉडेलच्या असंख्य प्रती जगभर पसरल्या होत्या, आणि आज जे कोणी ते वापरतात ते दुसऱ्यांनी जतन केलेल्या प्रतींवरून वापरतात. मूळ पोथी नाहीशी झाली, प्रती राहिल्या. अशा वेळी पूर्वी नोंदवून ठेवलेली ती चौसष्ट चिन्हांची ओळ हाच प्रतीचा मूळाशी असलेला दुवा होय. म्हणून मॉडेल घेतले त्याच दिवशी वहीत नाव, आवृत्ती, कर्ता, ठिकाण, दिनांक, परवाना आणि ही ओळ लिहून ठेवण्याचा परिपाठ ठेवावा.

फाइल कोणत्या प्रकारची आहे हेही पाहिले पाहिजे. आरंभी मॉडेले पायथन भाषेतील 'पिकल' पद्धतीने बांधलेली असत. या पद्धतीत आकड्यांबरोबर आज्ञाही ठेवता येतात, आणि फाइल उघडताच त्या आज्ञा अमलात येऊ शकतात. म्हणजे मॉडेल म्हणून घेतलेली फाइल संगणकातील कागदपत्रे पुसून टाकील वा बाहेर पाठवील, हे अशक्य नाही. ज्या माहितीवर विश्वास आहे तीच अशी उघडावी, असा इशारा पायथनच्या अधिकृत पुस्तिकेतच दिलेला आहे. यावर उपाय म्हणून २०२२ साली हगिंग फेसने 'सेफटेन्सर्स' नावाची बांधणी काढली. तीत आकडे व त्यांची नावे एवढेच असते, आज्ञांस जागाच नसते. २०२३ साली एका स्वतंत्र सुरक्षासंस्थेकडून तिची तपासणी करविण्यात आली, तेव्हा उघडताच परकी आज्ञा चालू होईल असा दोष तीत आढळला नाही. दोन्ही रूपे मिळत असतील तर सेफटेन्सर्सच घ्यावे. केवळ जुनेच रूप मिळत असेल तर ज्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत त्यावर ते उघडू नये.

याही पुढे, मॉडेल कशावर शिकविले गेले हे कर्त्याने सांगितले आहे काय, ते पाहावे. २०२३ च्या डिसेंबरात स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी वर उल्लेखिलेल्या 'लायन' संग्रहात बालकांच्या लैंगिक शोषणाच्या संशयित चित्रांचे दुवे आढळल्याचे प्रसिद्ध केले. संग्रह मागे घेण्यात आला व २०२४ च्या ऑगस्टमध्ये शोधित आवृत्ती काढण्यात आली. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, संग्रह खुला होता म्हणूनच ही तपासणी होऊ शकली. जेथे काहीच सांगितलेले नसते, तेथे दोष नाही असे नव्हे. तेथे पाहण्याची सोय नाही एवढेच.

संकेतस्थळावरून चालणाऱ्या बंदिस्त सेवांविषयीही हेच म्हणावे लागेल. त्या पुष्कळदा खुल्या मॉडेलांहून सरस चित्रे देतात व शिक्षकास सोयीच्याही असतात. परंतु त्यांची फाइल आपल्या हाती येत नाही, आणि आजचे मॉडेल उद्या बदलले तर आपणास कळेलच असे नाही. त्या वापरू नयेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. वापरल्यास सेवेचे नाव, मॉडेलचे नाव व दिनांक लिहून ठेवावा, आणि तिची परीक्षा वरचेवर नव्याने घ्यावी.

४. योग्यतेची परीक्षा

फाइल अस्सल आहे एवढ्याने ती आपल्या कामाची ठरत नाही. शुद्ध प्रतीतील ग्रंथही सामान्य असू शकतो. तेव्हा आता परीक्षा आली.

मॉडेलसोबत कर्ते जी चित्रे दाखवितात ती शेकड्यांतून वेचलेली असतात; त्यांवरून निर्णय करू नये. आपणास जे काढून हवे आहे, त्याचीच प्रश्नपत्रिका काढावी. ज्यांच्या खुणा निश्चित सांगता येतात असे विषय घ्यावेत. जात्यास दोन तळी, उभा खुंटा व मध्यभागी तोंड हवे. गुढीवरचा तांब्या पालथा हवा, सोबत कडुनिंबाचा डहाळा व साखरेची गाठी हवी. नऊवारीस कासोटा हवा. मोटेवरचे बैल विहिरीकडे पाठ करून धावेच्या उतारावरून खाली जात असतील, तेव्हाच मोट वर येत असली पाहिजे. तुळशीवृंदावनात रोप वर हवे, शेजारच्या कुंडीत नव्हे. याशिवाय एक प्रश्न हातांच्या बोटांचा, एक संख्येचा, जसे 'पाच मुले', आणि एक देवनागरी पाटीचा ठेवावा. पाटीवर मुद्दाम 'ज्ञ', 'क्ष', 'र्‍य' असली अक्षरे घालावीत, म्हणजे यंत्र अक्षर लिहिते की अक्षरासारखी नक्षी काढते, ते तत्काळ कळते.

परीक्षा न्याय्य होण्यासाठी तीन पथ्ये आहेत. पहिले, सर्व मॉडेलांस वर्णन तेच द्यावे. दुसरे, एका चित्रावर निकाल देऊ नये. यंत्र ज्या मुंग्यांपासून आरंभ करते, त्या एका 'बीज अंका'वरून ठरतात; बीज बदलले की चित्र बदलते, आणि तेच मॉडेल, तेच वर्णन, तीच पायऱ्यांची संख्या व तेच बीज ठेवले तर साधारणतः तेच चित्र पुन्हा निघते. म्हणून प्रत्येक वर्णनास चार बीजे ठरवून ती नोंदवावीत. बारा वर्णने, चार बीजे व तीन मॉडेले घेतली तर १४४ चित्रे होतात. दोन शिक्षकांस एका दुपारचे काम आहे. तिसरे, गुण देणाऱ्यास चित्र कोणत्या मॉडेलचे ते कळू देऊ नये, आणि दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. सौंदर्याचे गुण वेगळे ठेवावेत, खुणांचे वेगळे. ही दोन खाती एकत्र केली की देखणे चित्र चुकीच्या जात्यासह पहिले येते. त्या वर्गात नेमके तेच झाले होते.

पायऱ्यांच्या संख्येचाही विचार करावा. काही मॉडेलांस वीस ते पन्नास पायऱ्या लागतात, तर फ्लक्स श्नेलसारखी मॉडेले एक ते चार पायऱ्यांत काम उरकण्यासाठी घडविलेली आहेत. सर्वांस एकच संख्या लावणे म्हणजे धावण्याच्या व चालण्याच्या शर्यतीस एकच घड्याळ लावणे होय. प्रत्येकास त्याच्या कर्त्याने सांगितलेली संख्या द्यावी व ती नोंदवावी.

अशी परीक्षा घेतल्यावर आणखी एक गोष्ट दिसून येते. ती चुकीची नव्हे, कलाची. 'शिक्षक' म्हटले की कोण उभे राहते, 'विद्वान' म्हटले की स्त्री कधी येते काय, 'मराठी घर' म्हटले की केवळ वाडाच का येतो, हे चार-चार चित्रांच्या ओळी समोर मांडल्या की उघड होते. एकेक चित्र पाहताना हे ध्यानात येत नाही. विद्यार्थ्यांपुढे वर्षभरात जी चित्रे जाणार, ती सर्व एकदम मांडून पाहणे हे त्यासाठीच आवश्यक आहे.

५. चित्राची पडताळणी

मॉडेल अस्सल, परवाना स्वच्छ, परीक्षेत उत्तीर्ण. तरीही प्रत्येक चित्र नव्याने तपासावेच लागते. विशेषतः ऐतिहासिक व्यक्ती व वास्तू यांच्या बाबतीत. शिवाजी महाराजांचे म्हणून एके काळी जे चित्र छापले जात होते ते त्यांचे नव्हतेच, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले व समकालीन चित्र प्रकाशात आणले. एक चुकीचे चित्र निस्तरण्यास एका संशोधकाचे एवढे श्रम लागले, आणि ते चित्र निदान कोणा खऱ्या माणसाचे तरी होते. यंत्राने काढलेला चेहरा कोणाचाच नसतो. मोरोपंत कसे दिसत याचे प्रमाण आपल्यापाशी नसेल तर यंत्रापाशीही नाही. ते केवळ पागोटे घातलेला एक संभवनीय गृहस्थ काढून देईल. त्याखाली मोरोपंतांचे नाव छापणे म्हणजे पुढील पिढीसाठी खोटा पुरावा तयार करून ठेवणे होय.

चित्राच्या फाइलीतच त्याची जन्मकथा लिहून ठेवण्याची एक पद्धत २०२१ पासून काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन आखली आहे, आणि डोळ्यास न दिसणारी खूण चित्रात विणण्याचे उपायही निघाले आहेत. त्यांचा उपयोग आहे. परंतु चित्र छापले गेले, वा पडद्यावरून टिपून पुढे पाठविले गेले, की सोबतची नोंद गळून पडते. तेव्हा चित्राखाली मराठीत स्पष्ट ओळ छापणे हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे. 'यंत्रनिर्मित कल्पनाचित्र', मग मॉडेलचे नाव, वर्ष आणि ज्याने तपासले त्याचे नाव. हे शेवटचे नाव फार महत्त्वाचे. ज्याने वस्तू स्वतः पाहिली आहे अशा माणसाने हे चित्र पाहिले, एवढे त्यावरून वाचकास कळते.

आरंभी सांगितलेल्या शाळेची हकीकत पुरी करून हा लेख संपवितो. बाईंनी पुढे वरील रीतीने तीन मॉडेलांची परीक्षा घेतली. गुढी एकास बरी जमली, तुळशीवृंदावन दोघांस. जाते एकासही जमले नाही. जे सर्वांत जवळ आले त्यात खुंटा होता, परंतु तळी एकच होती. आपण काही चुकलो काय, अशी बाईंना शंका आली. चूक मुळीच नव्हती. जी पडताळणी कधीच 'नाही' म्हणत नाही, ती पडताळणी नव्हे. आणि या परीक्षेने जात्यापुरते स्वच्छ 'नाही' असे उत्तर दिले होते. मग त्याच आजींच्या घरी माळ्यावर पडलेले जाते दोघा शिपायांनी उचलून शाळेत आणले. मुलांनी ते फिरवून पाहिले, मूठमूठ ज्वारी वैरून पाहिली, आणि मग वहीतील जुन्या चित्राखाली नवे काढले. जुने चित्र खोडू नका, असे बाईंनी त्यांना सांगितले. एका पानावर दोन्ही जाती शेजारी शेजारी राहिली, आणि दोहोंखाली मुलांनी आपल्या हाताने, ते कोठून आले, ते लिहिले.